हृदयशस्त्रक्रियेत औषधांचा तुटवडा पडतो तेव्हा : हेपारिन, प्रोटामिन आणि इतर औषधे जपून वापरण्याची पद्धत

हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत (शस्त्रक्रियागृहात) लागणारी बहुतेक औषधे जुनी, स्वस्त आणि इतकी नेहमीची आहेत की ती कधी संपतील असे नव्याने रुजू झालेल्याच्या मनातही येत नाही. खरे तर ती स्वस्त आहेत म्हणूनच त्यांचा भरवसा कमी आहे, कारण अशा औषधांत नफा तुटपुंजा असतो, ती बनवणारे कारखाने मोजके असतात आणि त्यांतला एक बंद पडला की मागणी भागवायला दुसरा लगेच उभा राहत नाही. हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते आणि त्याच्या कच्च्या मालाचा मोठा वाटा चीनमधून येतो. २००७-०८ मध्ये त्या कच्च्या मालात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ सापडली, अमेरिकेत रुग्ण दगावले आणि तेथे बाजारातून हेपारिन मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले. २०१८ पासून चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरांचे कळपच्या कळप गेले, तेव्हा कच्चा माल पुन्हा महागला. आपल्याकडे जून २०२० मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हेपारिनच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढ मंजूर केली, कारण जुन्या दरात उत्पादन परवडत नसल्याने औषध बाजारातून नाहीसे होण्याची भीती होती. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातला सलाइनचा एकच कारखाना बंद पाडला आणि तेवढ्यावरून त्या देशातल्या अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

हृदयशस्त्रक्रिया विभागात नव्याने आलेले निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट (बायपास यंत्र चालवणारे), परिचारिका आणि औषध भांडारातील सहकारी यांच्यासाठी हा लेख आहे. औषध जपून वापरायचे म्हणजे रुग्णाला त्याच्या गरजेपेक्षा कमी द्यायचे, असा समज सुरुवातीलाच काढून टाकावा. सवयीने दिलेला जास्तीचा डोस, उघडून न वापरता फेकलेली अँप्युल आणि दुसरे औषध चालले असते अशा ठिकाणी खर्ची पडलेले दुर्मीळ औषध, एवढे जरी थांबवले तरी बहुतेक तुटवडे निभावून नेता येतात. येथे दिलेले आकडे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष डोस आपल्या विभागाने लेखी ठरवलेल्या पद्धतीप्रमाणेच द्यावा, आणि त्या पद्धतीत बदल करायचा असेल तर तो विभागाने मिळून करावा. कोणीही एकट्याने टेबलावर उभे राहून तो करू नये.

पहिली पायरी : साठा दिवसांत मोजा

प्रोटामिन म्हणजे हेपारिनचा परिणाम उतरवणारे औषध. भांडारात ‘प्रोटामिनच्या ४० अँप्युल आहेत’ ही माहिती निर्णय घ्यायला पुरेशी नाही. आठवड्याला किती शस्त्रक्रिया होतात, दर शस्त्रक्रियेला सरासरी किती अँप्युल लागतात आणि पुरवठादाराने पुढची खेप कधी देण्याचे कबूल केले आहे, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की साठा किती दिवस पुरेल ते कळते. आठवड्याला पाच शस्त्रक्रिया आणि प्रत्येकी चार अँप्युल असा खर्च असेल, तर ४० अँप्युल म्हणजे दोन आठवडे. पुरवठादाराने तीन आठवड्यांचा वायदा केला असेल, तर तुटवडा आजच सुरू झाला आहे असे धरून कामाला लागावे.

ही मोजणी करताना फक्त मुख्य भांडाराचा आकडा घेऊ नये. ओटीची कपाटे, भुलेच्या ट्रॉल्या, आयसीयू, कॅथलॅब, डायलिसिस विभाग आणि रुग्णवाहिकेतली पेटी या सगळ्या ठिकाणचा साठा मोजावा. टंचाईची कुणकुण लागली की प्रत्येक ओटी चार-दोन अँप्युल बाजूला ठेवू लागते. त्यामागे आपल्या रुग्णाची काळजीच असते, पण परिणाम असा होतो की एका कपाटात मुदत संपून औषध वाया जाते आणि शेजारच्या ओटीत रुग्ण त्याच औषधासाठी खोळंबतो. म्हणून दुर्मीळ औषध एकाच ठिकाणी, एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवावे, रुग्णाच्या नावाने द्यावे आणि न वापरलेली अँप्युल त्याच दिवशी परत घ्यावी. आधी मुदत संपणारे औषध आधी बाहेर काढावे. मुदत संपलेले औषध वापरणे हा टंचाईवरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरी पायरी : हेपारिन कुठे कुठे जाते ते पाहा

शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या बायपास यंत्रावर, म्हणजे आपल्या बोलीत ‘पंपावर’, रुग्णाला घेण्यापूर्वी साधारणपणे किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपारिन दिले जाते आणि एसीटी, म्हणजे रक्त गोठण्याचा मोजलेला वेळ, बहुतेक केंद्रांत ४८० सेकंदांच्या वर नेला जातो. या डोसमध्ये काटकसर करायची नाही. पंपावर असताना रक्ताची गुठळी झाली तर होणारे नुकसान कोणत्याही बचतीने भरून येणारे नाही. बचत करायची ती आजूबाजूच्या वापरात.

सर्वांत सोपी जागा म्हणजे आर्टीरियल लाइन आणि सेंट्रल लाइन (धमनीत व मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्या) धुण्यासाठी सलाइनच्या पिशवीत घातले जाणारे हेपारिन. दाबाखाली सतत वाहणाऱ्या साध्या सलाइनवरही या लाइन बहुतेक रुग्णांत व्यवस्थित चालतात. एका पिशवीत ५०० ते १००० युनिट म्हणजे फारसे वाटत नाही, पण एका रुग्णाच्या दोन-तीन लाइन आणि आयसीयूतल्या सगळ्या खाटा धरून महिन्याचा हिशोब केला की आकडा मोठा होतो. वॉर्डात पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपारिनच्या जागी, ज्यांची मूत्रपिंडे ठीक आहेत अशा रुग्णांना, एनॉक्झापॅरिनसारखे कमी रेणुभाराचे हेपारिन देता येते. डायलिसिस विभागाशी बोलून, ज्यांना चालेल अशा रुग्णांचे डायलिसिस हेपारिनविना करता येते का हेही ठरवावे. हे बोलणे भांडारपालावर सोपवू नये. दोन्ही विभागांच्या वरिष्ठांनी समोरासमोर बसून ते केले तरच टिकते, असे मला ठामपणे वाटते.

आता वायलकडे वळू. आपल्याकडे हेपारिनची नेहमीची मोठी वायल ५ मिलीची, मिलीमागे ५००० युनिटची, म्हणजे एकूण २५,००० युनिटची असते. रुग्ण ६० किलोचा आहे आणि किलोमागे ३०० युनिट द्यायचे आहेत असे धरू. डोस झाला १८,००० युनिट, म्हणजे ३.६ मिली. परफ्युजनिस्टला पंपाच्या प्राइमसाठी, म्हणजे यंत्राच्या नळ्यांत आधी भरायच्या द्रावणासाठी, ५००० युनिट, म्हणजे १ मिली हवे आहे. दोघांनी आपापली वायल फोडली तर दोन वायल उघडतात आणि त्यांतले अर्ध्याहून अधिक औषध उरते. दोघांनी सकाळी एकत्र येऊन एकाच वायलमधून, एकाच वेळी, निर्जंतुक पद्धतीने दोन सिरिंजमध्ये औषध भरले, तर २३,००० युनिटचे काम एका वायलमध्ये होते. भरताक्षणी दोन्ही सिरिंजवर औषधाचे नाव, युनिट, रुग्णाचे नाव आणि वेळ लिहिलेले लेबल लागले पाहिजे. उरलेले ०.४ मिली त्याच रुग्णासाठी ठेवावे. ते दुसऱ्या रुग्णाच्या टेबलावर जाता कामा नये.

एक वायल अनेक रुग्णांत वाटण्याचा मोह टंचाईत होतोच. ओटीतल्या टेबलावर किंवा खाटेशेजारी ही वाटणी कधीही करू नये, कारण एका दूषित सुईने रक्तातून पसरणारा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वायलची वाटणी करायचीच असेल तर ती रुग्णालयाच्या औषध विभागात, लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या झोतात), प्रशिक्षित फार्मासिस्टने करावी आणि भरलेल्या सिरिंजवर वापराची मुदत लिहून त्या ओटीत पाठवाव्यात. ज्या रुग्णालयात कर्करोगाची औषधे तयार करण्यासाठी अशी सोय आधीपासून आहे, तेथे तिचाच उपयोग करण्याबाबत औषध विभागाशी बोलता येईल, मात्र विषारी औषधांचा कक्ष आणि या सिरिंज भरण्याची जागा वेगळी असली पाहिजे. अशी सोय नसेल तर वाटणीचा विचार सोडून द्यावा.

तिसरी पायरी : प्रोटामिन

हे औषध सॅमन माशाच्या वीर्यापासून मिळते आणि हेपारिनचा परिणाम उतरवण्यासाठी त्याला आज व्यवहारात पर्याय नाही. म्हणून प्रोटामिन नसेल तर बहुतेक केंद्रांत पंपावरची नियोजित शस्त्रक्रिया सुरूच करता येत नाही. सर्वांत जास्त विचार या औषधाचा करावा लागतो, आणि सुदैवाने बचतीला सर्वांत जास्त वावही येथेच आहे.

१ मिलिग्रॅम प्रोटामिन साधारण १०० युनिट हेपारिन निष्प्रभ करते, हे प्रमाण सगळ्यांना पाठ असते. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी हे प्रमाण रुग्णाला दिवसभरात दिलेल्या एकूण हेपारिनला लावले जाते. वरच्याच रुग्णाचे उदाहरण घेऊ. सुरुवातीला १८,००० युनिट, प्राइममध्ये ५००० आणि पंपावर असताना वरून आणखी ५०००, असे एकूण २८,००० युनिट झाले. त्याला १:१, म्हणजे १०० युनिटला १ मिलिग्रॅम, लावले तर २८० मिलिग्रॅम प्रोटामिन, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा अँप्युल उघडाव्या लागतात. पण सकाळी दिलेल्या हेपारिनपैकी बराच भाग शरीराने तोवर संपवलेला असतो. युरोपीय संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांचा कलही असा आहे की प्रोटामिन सुरुवातीच्या हेपारिन डोसच्या १:१ पेक्षा कमी प्रमाणात द्यावे. सुरुवातीच्या १८,००० युनिटला ०.८ लावले तर १४४ मिलिग्रॅम होतात, म्हणजे तीन अँप्युल. सहाऐवजी तीन लागल्या तर तेवढ्याच साठ्यात दुप्पट रुग्णांच्या शस्त्रक्रिया होतात.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. गरजेपेक्षा जास्त प्रोटामिन निरुपद्रवी नाही. ते प्लेटलेटचे काम बिघडवते आणि स्वतःच रक्त गोठण्यात अडथळा आणते, त्यामुळे ‘अजून थोडे रक्त पाझरत आहे, आणखी एक अँप्युल द्या’ या सवयीने रक्तस्राव वाढूही शकतो. म्हणजे टंचाईने भाग पाडलेली शिस्त या बाबतीत रुग्णाच्या हिताचीच आहे, आणि औषध भरपूर असतानाही ती पाळली जावी असे मी आग्रहाने सांगेन.

क्रम असा ठेवावा. पंपावरून उतरल्यावर ठरलेला डोस सावकाश, दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ घेऊन द्यावा, कारण भरभर दिल्यास रक्तदाब कोसळतो. डोस संपल्यावर काही मिनिटांनी एसीटी करून तो शस्त्रक्रियेपूर्वीच्या पातळीवर आला आहे का ते पाहावे. आला असेल आणि तरीही रक्त पाझरत असेल, तर पुढची अँप्युल उघडण्यापूर्वी शल्यविशारदाने टाक्यांच्या जागा तपासाव्यात, रुग्णाचे तापमान व कॅल्शियम पाहावे आणि सोय असल्यास हेपारिनेज (हेपारिन नष्ट करणारे विकर) वापरून केलेली एसीटी किंवा थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी (गुठळी कशी बनते हे दाखवणारी चाचणी) करावी. त्यात हेपारिन उरल्याचे दिसले तरच २५ मिलिग्रॅमसारखा छोटा डोस द्यावा. प्रोटामिनचा परिणाम हेपारिनच्या आधी ओसरतो, त्यामुळे आयसीयूत काही तासांनी हेपारिनचा परिणाम पुन्हा डोके वर काढू शकतो. यासाठी उरलेली अर्धी अँप्युल त्याच रुग्णाच्या नावाने लेबल लावून, औषध विभागाने ठरवलेल्या मुदतीपर्यंतच ठेवता येते. आयसीयूच्या परिचारिकेला हे तोंडी सांगून भागत नाही, नोंदीत लिहावे लागते.

पंपात उरलेले रक्त रुग्णाला परत देतो तेव्हा त्यातले हेपारिनही परत जाते आणि त्यासाठी पुन्हा प्रोटामिन लागते. सेल सेव्हर, म्हणजे रक्त धुणारे यंत्र, असेल तर ते रक्त धुऊन द्यावे, कारण धुताना हेपारिनचा बहुतेक भाग निघून जातो. धडधडत्या हृदयावर पंपाविना केलेल्या बायपासमध्ये अनेक केंद्रे हेपारिनचा डोसच कमी ठेवतात, त्यामुळे प्रोटामिनही कमी लागते. पण शस्त्रक्रियेचा प्रकार निव्वळ औषधाच्या टंचाईमुळे बदलू नये. ज्या शल्यविशारदाचा पंपाविना करण्याचा हात बसलेला आहे आणि ज्या रुग्णाच्या रक्तवाहिन्या त्याला योग्य आहेत, तेवढ्यापुरताच तो मार्ग आहे. कॅथलॅबमध्ये मात्र प्रोटामिनशिवाय भागवणे बहुधा शक्य असते. तेथे हेपारिन आपोआप उतरेपर्यंत थांबता येते आणि मग शीथ (रक्तवाहिनीत घातलेली नळी) काढता येते.

चौथी पायरी : भरून ठेवलेल्या सिरिंजा

शस्त्रक्रिया संपल्यावर भुलेच्या ट्रॉलीवर एकदा नीट नजर टाका. ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन, फिनाइलएफ्रिन, ॲट्रोपिन, कॅल्शियम, लिग्नोकेन, एस्मोलॉल अशा ‘लागलीच तर’ म्हणून भरलेल्या सिरिंजा रांगेने पडलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच तशाच्या तशा कचऱ्यात जातात. हृदय अचानक थांबले तर हाताशी हवीत अशी दोन-तीन औषधे भरून ठेवलीच पाहिजेत, त्यांत हयगय नको. ती कोणती हे विभागाने ठरवावे. बाकीच्यांसाठी न फोडलेली अँप्युल, रिकामी सिरिंज आणि आधीच लिहिलेले लेबल एकत्र एका छोट्या पाकिटात ठेवावे. गरज पडली की ते भरायला अर्धा मिनिट पुरतो आणि न लागल्यास पाकीट जसेच्या तसे दुसऱ्या दिवशी वापरता येते. ज्या विभागात याची शिस्त नाही, तेथे मी बचतीची सुरुवात हेपारिनपासून न करता येथूनच करायला सांगेन, कारण यात रुग्णाला धोका नाही आणि फरक पहिल्या आठवड्यातच दिसतो.

पाचवी पायरी : कार्डिओप्लेजिया आणि बदललेल्या तीव्रता

हृदय थांबवून ठेवणाऱ्या द्रावणात काटकसर करायची ती डोसांची संख्या कमी करून. डेल निडो द्रावणाचा एक डोस, किलोमागे २० मिली आणि जास्तीत जास्त १ लिटर, साधारण ९० मिनिटे पुरतो. त्यामुळे दर वीस मिनिटांनी द्याव्या लागणाऱ्या द्रावणाच्या मानाने घटक औषधे कमी खर्ची पडतात. अर्थात विभागाला त्याचा सराव नसेल तर टंचाईच्या ऐन भरात नवी पद्धत सुरू करणे धोक्याचे ठरेल.

खरा धोका असतो तो पर्यायी मालाच्या वेगळ्या तीव्रतेचा. डेल निडोच्या मूळ कृतीत १ लिटर प्लाझ्मालाइटमध्ये (क्षारांच्या तयार द्रावणात) ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट १३ मिली आणि १ टक्का लिग्नोकेन १३ मिली घालतात. आपल्या बाजारात बायकार्बोनेट बहुधा ७.५ टक्क्यांचे मिळते, म्हणून तेवढ्याच मात्रेसाठी ते साधारण साडेचौदा मिली लागते. लिग्नोकेन २ टक्क्यांचे मिळाले तर १३ मिलीऐवजी ६.५ मिली घ्यावे लागते, आणि ते परिरक्षकविरहित असल्याची लेबलावर खात्री करावी लागते. प्लाझ्मालाइटच्या जागी रिंगर लॅक्टेट वापरणारी केंद्रे आहेत, पण रिंगरमध्ये कॅल्शियम असते, म्हणून तो बदल विभागप्रमुखांच्या लेखी संमतीशिवाय करू नये. हे सगळे हिशोब एकदा करून, दोघांनी तपासून, तक्त्याच्या रूपात भिंतीवर लावावेत. पोटॅशियमचा आकडा मात्र दर वेळी, तक्ता समोर असतानाही, दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने वाचून दाखवावा.

तीव्रतेची चूक किती महागात पडते याचे उदाहरण २००६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे घडले. तेथे नवजात शिशूंच्या लाइन धुण्यासाठी मिलीमागे १० युनिटच्या हेपारिनऐवजी १०,००० युनिटच्या वायल कपाटात भरल्या गेल्या आणि तीन बाळे दगावली. वायली दिसायला सारख्याच होत्या. म्हणून नव्या कंपनीचा किंवा वेगळ्या तीव्रतेचा माल आला की पहिल्या दिवशी जुनी आणि नवी वायल शेजारी ठेवून सगळ्यांना दाखवावी, कपाटाचा खण बदलावा आणि फलकावर लिहावे. हेपारिन डुकरापासूनचे आहे की गोवंशापासूनचे हेही पाहावे, कारण त्यांची ताकद आणि त्यांना लागणारे प्रोटामिन सारखे नसते. कमी रेणुभाराचे हेपारिन पंपासाठी चालणार नाही, कारण प्रोटामिनने ते पूर्ण उतरत नाही. बायव्हॅलिरुडिन या रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या औषधावर उतारा नाही आणि ते महागही आहे, त्यामुळे हेपारिनमुळे प्लेटलेट घटणाऱ्या रुग्णांसाठीच ते राखून ठेवावे.

ट्रानेक्झामिक ॲसिडबद्दल थोडक्यात सांगतो. ते सहसा मिळते. त्याचे मोठे डोस झटके आणू शकतात, त्यामुळे टंचाई असो वा नसो, विभागाने ठरवलेला लहान डोस सोडून वर जाऊ नये.

सहावी पायरी : कोणाची शस्त्रक्रिया आधी

वरचे सर्व करूनही साठा अपुरा पडला, तर शस्त्रक्रियांचा क्रम लावावा लागतो. हा निर्णय सकाळी सहा वाजता एका भूलतज्ज्ञाच्या गळ्यात पडता कामा नये. रुग्णालयाच्या औषध समितीने शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट आणि फार्मासिस्ट यांना बरोबर घेऊन निकष आधीच लिहून ठेवावेत. थांबल्यास जिवाला धोका असलेले रुग्ण आधी येतात, उदाहरणार्थ महाधमनी फाटलेले, डाव्या मुख्य धमनीत गंभीर अडथळा असलेले आणि झडपेच्या संसर्गामुळे हृदय खालावत चाललेले. आपत्कालीन रुग्णांसाठी किती अँप्युल कुलपात ठेवायच्या हा आकडाही आधीच ठरवावा आणि नियोजित यादीसाठी ते कुलूप उघडू नये. रुग्ण कोणाच्या ओळखीचा आहे किंवा तो पैसे भरणारा आहे की योजनेतला, याला निकषांत जागा असू नये. तारीख पुढे ढकललेल्या रुग्णाला कारण स्पष्ट सांगावे आणि तो घरी असताना त्याच्या लक्षणांची फोनवरून चौकशी कोण करील हे त्याच्या कागदावर लिहावे.

नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन ‘बाहेरून आणा’ म्हणणे टाळावे. घाबरलेला मुलगा तीन दुकाने फिरून जे मिळेल ते, मिळेल त्या भावाने आणतो. ते कोणत्या तापमानात ठेवले होते हे कोणालाच माहीत नसते, आणि टंचाईत बनावट मालही याच वाटेने शिरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत औषधाचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो, तो रुग्णावर टाकता येत नाही. त्यापेक्षा शेजारच्या रुग्णालयाकडून लेखी नोंद करून, पक्क्या बिलाचा आणि बॅच क्रमांकाचा माल उसना घ्यावा. संशयास्पद माल आढळल्यास तो बाजूला ठेवून अन्न व औषध प्रशासनाला कळवावे, आणि पर्यायी औषधाने अनपेक्षित त्रास झाल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे त्याची नोंद करावी.

पुरवठा सुरळीत झाल्यावर

नवी खेप आली की सर्वप्रथम उसना घेतलेला माल परत करावा, आणि वेगळ्या तीव्रतेच्या उरलेल्या वायली कपाटातून काढून भांडारात जमा कराव्यात. जुन्या मापाच्या औषधाशेजारी त्या महिनोन्‌महिने पडून राहिल्या तर घोटाळा ठरलेलाच. भिंतीवरचा तात्पुरता तक्ता त्याच दिवशी उतरवावा. मग टंचाईच्या काळातल्या नोंदी घेऊन बसावे : दर रुग्णामागे किती प्रोटामिन लागले, छातीच्या नळीतून किती रक्त गेले, किती जणांना पुन्हा ओटीत न्यावे लागले. कमी प्रोटामिनवर हे आकडे बिघडले नसतील, तर तोच डोस विभागाचा कायमचा डोस म्हणून लेखी पद्धतीत घालण्याचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडावा.